भिंतीपलीकडचा सिग्नल

“मग चुकलं कुठे, अप्पाजी?” मल्लिनाथनं विचारलं. “प्रोग्राम तर बरोबर होता.”

अप्पाजी स्वामी मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मल्लिनाथ बिराजदारनं मांडीवरचा लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. हा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिला होता. आसपास जेवढी म्हणून वायफाय नेटवर्कं असतील, तेवढ्यांची नावं तो पडद्यावर मांडायचा. प्रत्येक नावासमोर हिरवी पट्टी. सिग्नलचा जोर वाढला की ती लांबायची, ओसरला की आखडायची. मोठमोठ्या कचेऱ्यांत हा प्रोग्राम वापरत. कितीही क्षीण सिग्नल असो, माझ्या हातून निसटत नाही, असं मल्लिनाथ चारचौघांत सांगायचा. आज मठात आल्यावरही त्यानं आधी तेच सांगितलं. भावाचं नंतर.

थोरला भाऊ सिद्राम शेजारीच राहायचा. वडलांच्या माघारी घराची वाटणी झाली, मधे भिंत उठली. त्या दिवशी दोघांच्याही तोंडून नको ते शब्द गेले आणि बोलणं कायमचं थांबलं. पुढे सिद्रामनं घरात वायफाय घेतलं. ते मल्लिनाथच्या पडद्यावर दिसू लागलं. सगळ्यात वर, सगळ्यात लांब पट्टी.

“नाव काय ठेवलं होतं त्यानं?” अप्पाजींनी विचारलं.

“नागव्वा.”

“आईचं...”

बिराजदारांच्या घरातली माणसं मठाला नवी नव्हती. नागव्वा दर सोमवारी यायची, दोन्ही मुलांना घेऊन.

ती पट्टी वर्षानुवर्षं जागची हलली नाही. प्रोग्राममध्ये काही बदल केला की मल्लिनाथ आधी तिच्याकडे बघायचा. ती नीट दिसली म्हणजे काम नीट झालं. मग श्रावण सरता सरता एका सकाळी ती दिसेनाशी झाली. त्याला वाटलं, आपल्याच लिहिण्यात काहीतरी बिघडलंय. पुढचे कित्येक दिवस तो एकेक ओळ तपासत बसला. उंबऱ्याबाहेर येऊन शेजारी डोकवावं, हे काही त्याच्या मनात आलं नाही.

शेजारी कुलूप होतं. सिद्रामच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून त्याला मुलीकडे पुण्याला हलवलं होतं. निघताना वहिनीनं घरातली सगळी बटणं बंद केली होती.

पुतणीचा फोन आला तेव्हा सिद्राम गेलेला होता. मल्लिनाथ मातीला पोचला. चेहरा बघायला मिळाला. बोलायचं राहून गेलं.

“खूप शोधली, पण चूक सापडली नाही,” तो आता म्हणाला. “सापडणार कशी? नव्हतीच. जे बंद होतं, ते दिसत नव्हतं.”

अप्पाजींनी शेंगांची टोपली बाजूला सारली. “एवढं ठळक दिसत होतं, तर जोडून का घेतलं नाहीस?”

“त्याला पासवर्ड लागतो.”

“तो कुणापाशी असतो?”

“ज्याचं घर, त्याच्यापाशी.”

“मागितलास?”

मल्लिनाथनं लॅपटॉप मिटला.

मला इथंच ठेवून घ्या, म्हणाला. मठाची झाडलोट करीन, पडेल ते करीन, पण आता त्या भिंतीशेजारी झोप लागत नाही.

अप्पाजी उठले, आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

मल्लिनाथ दारापाशी येऊन उभा राहिला. आतून खोकल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला. पूजेला बसले असतील, असं त्याला वाटलं. मग जरा रागही आला. एवढं काळीज उघडं केलं, आणि हे एका शब्दानं न बोलता उठून गेले. हात एकदा दारापर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

ओट्यावरचं ऊन अंगणात उतरलं. मठाच्या गाई चरून परतल्या. मल्लिनाथ उभाच होता.

शेवटी कडी निघाली. अप्पाजी दारात आले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“मी आत आहे, हे ठाऊक होतं ना तुला?”

“हो.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“कडी तुम्ही लावली होती,” मल्लिनाथ म्हणाला. “वाटलं, तुम्हीच उघडाल...”

अप्पाजी उंबऱ्यावर बसले.

“सिद्राम यायचा इथं,” ते म्हणाले. “तुझ्याबद्दल तोही हेच म्हणायचा.”