गेनबा सर्व्हर सांभाळतो

एका गावच्या दूध संघात गेनबा नावाचा एक भोळा सांगकाम्या होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि तिथेच सगळं चुकायचं.

संघाची कामं सर्व्हरवर आपोआप चालत. सभासदाने अर्ज टाकला की सर्व्हरच डॉक्टर पाठवी, टँकर सोडी, पेंडीची गाडी धाडी. चालू कामांची यादी पडद्यावर दिसे, अडकलेलं काम लाल होई. त्या यादीवर डोळा ठेवायला गेनबाला बसवला होता. सहा महिने बसला की नोकरी कायम. आणि नोकरी कायम झाली तरच शेजारगावचे रंगराव बाबर त्याला मुलगी देणार होते. मुलगी गेनबाला फार आवडली होती.

पहिल्याच दिवशी एक काम लाल झालं. शेवंताबाईंच्या म्हशीला जंताचं औषध पाजून झालं होतं, डॉक्टरची सही तेवढी राहिली होती.

"लाल झालं की बंद करून चालू करायचं," कुसुमताई म्हणाल्या. कुसुमताई म्हणजे त्याच्या साहेब.

गेनबाने केलं चालू, अगदी पहिल्यापासून. डॉक्टर पुन्हा गेला, पुन्हा औषध पाजून आला, सही पुन्हा राहिली. काम पुन्हा लाल. संध्याकाळपर्यंत म्हशीला चार डोस झाले. मग म्हशीने काय केलं ते दाखवायला शेवंताबाई पाटी भरून ऑफिसात घेऊन आल्या.

"अरे, पहिल्यापासून कशाला?" कुसुमताई नाक दाबून ओरडल्या. "थांबलंय तिथून पुढे ढकलायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी टँकरचं काम थांबलं. दूध नासलंय म्हणून तपासणीवाल्यानेच थांबवलं होतं. गेनबाने पुढे ढकललं. तालुकाभर चहा फाटला.

"बाबा रे, ज्याचं काम आहे त्याला विचारल्याशिवाय हात लावू नकोस!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी यशवंतराव शेलारांचा पेंडीचा एकच अर्ज पंचवीस वेळा चालू झाला. यशवंतराव मेहुण्याच्या लग्नाला गेलेले. गेनबा विचारायला एसटीने तिथे गेला. ते पंगतीत बसले होते, म्हणून हाही बसला. परत आला तर शेलारांच्या दारात पंचवीस ट्रक उभे होते. दार काही दिसत नव्हतं.

"सारखी कामं दिसली की सगळ्यात जुनं ठेव, बाकीची रद्द कर! एवढंही कळत नाही?"

"आता कळलं," गेनबा म्हणाला, आणि त्याने सगळे धडे पाठ केले.

सहा महिने भरले. चेअरमन आबा म्हणाले, "करून टाका त्याला कायम. म्हणजे दुसऱ्या खात्यात बदली तरी करता येईल."

त्याच्यासोबत बाकीच्या हंगामींचेही अर्ज निघाले, आणि यादीत नऊ कामं एकाखाली एक उभी राहिली. कायम करणे, कायम करणे, कायम करणे. सगळी सारखीच! गेनबाने सगळ्यात जुनं शोधलं. ते दोन वर्षं आबांच्या सहीसाठी थांबलं होतं: संघाने तात्पुरता आणलेला वळू राजा यास कायम करणे.

आधी गोठ्यात जाऊन त्याने राजाला विचारलं. राजाने मान डोलावली. मग गेनबाने ते काम थांबलं होतं तिथून पुढे ढकललं आणि बाकीची आठ रद्द केली. त्यात अकरा वर्षं हंगामी असलेल्या कुसुमताईंचं होतं, आणि त्याचं स्वतःचंही. एकही धडा चुकला नाही. सर्व्हरने राजाच्या नावे नेमणुकीचं पत्र छापलं. कुसुमताई टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या.

तेवढ्यात रंगराव बाबरांचा फोन आला. "काय गेनबा, झालास का कायम?"

"नाही जी. माझं रद्द झालं. राजा कायम झाला."

रंगरावांनी हळूच विचारलं, "हा राजा दिसायला कसा आहे?"

"धष्टपुष्ट."

"राहायला?"

"संघाचीच जागा आहे."

"पिणंबिणं?"

"नुसतं पाणी."

"स्वभाव?"

गेनबा कधी खोटं बोलत नसे. "मारका आहे."

रंगराव जरा अडखळले. "पण कायम आहे ना?"

"पत्र निघालंय."

"मग आमच्या पोरीसाठी त्यालाच विचार की!"

गेनबाला वाईट वाटलं. डोळे पुसतच तो गोठ्यात गेला. पण ज्याचं काम आहे त्याला विचारायचं, हे त्याला पाठ होतं. त्याने विचारलं.

परत येऊन त्याने फोन उचलला आणि रंगरावांना सांगितलं, "मुलाला मुलगी पसंत आहे."