खुणेचा शब्द

"म्हंजे एक शब्द जरी कुणी हलवला, तरी कळंल?" अक्कांनी विचारलं.

"शब्द सोडा. एक खोकला कापला तरी कळेल," श्रीरंग म्हणाला.

अक्कांचा आवाज तेव्हा अडकून अडकून येत होता. घशात गाठ होती. डॉक्टर म्हणत होते, गाठ काढू, जीव वाचेल, आवाज मात्र जाईल. आणि उशीर केला तर दोन्ही जातील. अक्का तयार होत नव्हत्या. अजून एक काम राहिलंय, एवढंच म्हणायच्या.

श्रीरंगला वाटलं, ते काम म्हणजे त्याचंच.

पुण्यातल्या कंपनीतली नोकरी सोडून तो अक्कांच्या मठात आला होता. हे तो बोलून दाखवायचा नाही, पण तोंडावर दिसायचं. अक्कांची सगळी निरूपणं त्याने रेकॉर्ड केली होती. आता त्या फाइली खालच्या मठात बसवंतकडे जायच्या होत्या. बसवंतही अक्कांचाच शिष्य.

"कसं कळंल ते सांग. मला समजंल असं."

त्याने लॅपटॉप उघडला. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप केली.

"ही कमांड. हिला फाइल द्यायची आणि एक गुप्त शब्द द्यायचा. ती दोन्ही एकत्र दळते आणि खूण काढून देते."

आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ उमटली.

"फाइलमध्ये कणभर बदललं तर खूण पार वेगळी येते. आणि शब्द माहीत नसेल तर ही खूण कुणाच्या बापाला काढता येणार नाही."

एवढं बोलून त्याने स्क्रीन पुसली. गुप्त शब्द त्या ओळीतच होता. वरच्या बाणाची कळ दाबली की जुनी ओळ परत येते, म्हणून तीही पुसली. अक्कांना धड दिसत नव्हतं. तरी पुसली.

"आणि बसवंताला कसं कळंल, फाइल खरी का खोटी?"

"त्यानेही हीच कमांड चालवायची. तोच शब्द द्यायचा. खूण जुळली की फाइल जशीच्या तशी."

"मग शब्द दिलास त्याला?"

श्रीरंग लॅपटॉपची वायर गुंडाळू लागला.

"दिलास का रं?"

"नाही."

बसवंत बाहेर अंगणात लिंबाखाली बसला होता. अक्का आजारी पडल्यापासून तो इथेच होता. पण श्रीरंग आत असला की तो बाहेर, आणि तो आत आला की श्रीरंग बाहेर.

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षी अक्का निरूपणात म्हणाल्या, 'वस्तीतल्या बायकांना दार बंद करा, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.' कुणीतरी मागचं कापलं. मोबाइलवर फिरलं ते एवढंच, 'वस्तीतल्या बायकांना दार बंद करा.' आणि अक्कांच्याच आवाजात! बायका यायच्या बंद झाल्या. थोड्याच परत आल्या. मी त्यातली, त्या दिवशी उंबऱ्यात बसून हे सगळं बघत होते.

श्रीरंग म्हणाला, बसवंतने कापलं. बसवंत म्हणाला, श्रीरंगने. निरूपणाला बसलेल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. पण हे दोघं एकमेकांकडेच बघत राहिले.

"का नाही दिलास?" अक्कांनी विचारलं.

"ज्याच्याकडे शब्द, त्याला खूण तपासता येते, अक्का. पण त्याला ती बनवताही येते. त्याने फाइल कापली आणि नवी खूण काढली, तर तीही बरोबरच दिसणार."

"म्हंजे ज्याला खरं ओळखता येतं, त्यालाच खोटं करता येतं."

"हो."

"मग त्यालाही तुझं असंच भ्या वाटंल."

श्रीरंग घाईने म्हणाला, "दुसरी पद्धत आहे. दोन किल्ल्यांची. एक माझ्याकडे राहते, एक त्याला द्यायची. त्याला नुसतं तपासता येईल, बनवता येणार नाही. ती करू."

"ती परक्यांसाठी ठेव."

अक्कांनी चाचपडत औषधाची बाटली त्याच्याकडे सरकवली. "औषध घाल," त्या म्हणाल्या.

डोकं भिंतीला टेकवून त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. श्रीरंगने बाटली घेतली आणि हळूहळू औषध घशात सोडलं. हात त्याचा फार हलका होता, ते मात्र कबूल केलं पाहिजे.

"काय घातलंस?"

"औषध, अक्का."

"मी बघितलं न्हाई."

"तुम्ही कधीच बघत नाही."

"आणि सांजचं कोण घालतं?"

सांजचं बसवंत घालायचा. एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून दोघांनीच तशी वाटणी केली होती.

"तवाबी बघत न्हाई," अक्का म्हणाल्या.

श्रीरंग बराच वेळ बाटलीचं बूच फिरवत बसला. मग उठला आणि लिंबाखाली गेला.

"कान इकडे कर."

बसवंत मागे सरकला. "मला कशाला सांगतोस? उद्या काही झालं की पुन्हा माझंच नाव घेशील."

"घेता येणार नाही. आणि तुला माझं घेता येणार नाही. दोघांनाही काही सिद्ध करता येणार नाही."

"मग उपयोग काय?"

"माहीत नाही. कान कर म्हणतो ना!"

शब्द काय होता, मला माहीत नाही. माहीत असता तरी इथे लिहिला नसता.

बसवंत आत आला. एका बोटाने कमांड टाइप करू लागला.

"एवढ्या हळू? तोवर फाइल म्हातारी होईल," श्रीरंग म्हणाला.

"गप बस. मी काय कंपनीत होतो का?"

खूण उमटली. श्रीरंगने वहीत उतरवून ठेवलेली आपली खूण वाचली, बसवंतने बोट ठेवून एकेक अक्षर बघितलं.

"जुळली."

श्रीरंगचा हात लॅपटॉपकडे गेला नाही. शब्द तसाच स्क्रीनवर उघडा होता. शेवटी बसवंतनेच दाराकडे बघून हळूच विचारलं, "ही ओळ पुसायची कशी रे? कुणी बघेल."

श्रीरंगने दाखवलं. बसवंतने पुसली.

अक्कांचे डोळे मिटलेलेच होते.

"झालं?"

"झालं, अक्का," दोघं एकदमच म्हणाले.

"मग लावा डॉक्टरला फोन... म्हणावं, आवाज दोघांपाशी ठेवलाय. आता येते म्हातारी."