भाकर, चतकोर आणि निवडुंगातली परी

माझी शाळा सातवीतच सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल आणि शब्दही साधेच असतील. छोट्या वाचकांनी आणि त्यांच्या बाईंनी मला माफ करावं. गोष्ट मात्र अगदी मनापासून सांगतो.

जिथं लाल माती संपते आणि सोनेरी वाळू सुरू होते, तिथं तांबडमाळ नावाचं गाव होतं. गावाबाहेरच्या खोपटात येसू नावाची मुलगी आपल्या आत्याजवळ राहायची. आत्या शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची आणि येसू त्या दारोदार विकायची. येसूला आई नव्हती, बाबा नव्हते आणि पायात चपलाही नव्हत्या. उन्हाळ्यात वाट तव्यासारखी तापायची. तिचे इवलेसे तळवे भाजून निघायचे.

"पाय पोळले का गं?" आत्या विचारायची.

"छे! वाट मला गुदगुल्या करते," येसू हसून म्हणायची. स्वतःसाठी काही मागणं तिला ठाऊकच नव्हतं.

एके दिवशी घुंगरं वाजवत एक उंट खोपटाशी थांबला. उंटावरच्या म्हाताऱ्या बाबांची दाढी मेंदीनं रंगवलेली होती. त्यांनी पाणी मागितलं. मडक्यात तळाशी होतं तेवढं सगळं पाणी येसूनं त्यांना दिलं. बाबांनी टोपली खाली ठेवली. आत दोन कासवं! एक भाकरीएवढं गोल, दुसरं चतकोराएवढं. पाठीवर मधासारख्या रंगाची नक्षी आणि मोहरीसारखे लुकलुकणारे डोळे.

"वाळवंटातली लेकरं आहेत, बाळ. मला आता समुद्रापार जायचंय. जहाजावर ही जगायची नाहीत. तू सांभाळशील?"

"सांभाळीन! पण यांना काय लागतं, बाबा?"

"त्यांनाच विचार," बाबा म्हणाले आणि घुंगरं छुनछुन करत दूर गेली.

येसूनं मोठ्या कासवाचं नाव ठेवलं भाकर आणि छोट्याचं चतकोर. खोपटामागच्या परसात एक जुना निवडुंग होता. त्याच्या सावलीत तिनं दोघांना सोडलं, तोच निवडुंगाचं पिवळंधमक फूल अलगद उघडलं. आत अंगठ्याएवढी परी बसली होती! तिचे पंख चमचमत्या वाळूचे होते आणि केसांत दवाचे टपोरे थेंब माळलेले होते.

"येसू," परी किणकिणत्या आवाजात म्हणाली, "घरातलं शेवटचं पाणी तू पाहुण्याला दिलंस. मी तुला तीन इच्छा देते. पण नियम ऐक. इच्छा स्वतःसाठी मागायची नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी मागायची. आणि तुझ्या मनातलं मागायचं नाही, त्याच्या मनातलं मागायचं. चुकलीस, तर ती इच्छा वाया जाईल."

"एवढंच ना?" येसूनं टाळीच वाजवली. "कासवांना काय आवडतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परीताई, यांना निळंनिळं तळं दे!"

झुळूक आली, सळसळ झाली आणि परसात तळं उमटलं! गुलाबी कमळं, चंदेरी लाटा. येसूनं लाडानं दोघांना पाण्यात सोडलं.

आणि बुडुक! भाकर दगडासारखी तळाशी गेली. चतकोर हातपाय झाडत उलटा झाला. येसूनं पाण्यात उडी घेतली, दोघांना छातीशी धरून वर आणलं, फडक्यानं टिपलं. बऱ्याच वेळानं चतकोरानं नाकातून एक इवलासा बुडबुडा सोडला, तेव्हा कुठं तिचा श्वास मोकळा झाला. मागं तळ्याची धूळ होऊन उडून गेली होती.

"कुणाच्या मनातलं होतं ते तळं?" परीनं हळूच विचारलं.

"माझ्या," येसू मुसमुसत म्हणाली. "मी त्यांना विचारलंच नाही."

"जे बोलत नाहीत, त्यांना डोळ्यांनी विचारायचं असतं," परी म्हणाली आणि फूल मिटलं.

त्या दिवसापासून येसू डोळ्यांनी विचारू लागली. तिला दिसलं, कोवळ्या उन्हात दोघं पाय पसरून पडतात. उन्हं चढली की सावली शोधतात. मग तिनं एक फुटका रांजण आडवा करून अर्धा मातीत पुरला. झालं गारेगार घरकुल! भाकर कुंपणाखालून उकरून पळू पाहायची, म्हणून कुंपणाचे दगड तिनं जमिनीत खोल रोवले. हनुवटी बुडेल एवढंच पाणी मातीच्या उथळ परळात ठेवलं. हरळी, जास्वंदीची लालचुटुक फुलं आणि काटे जाळलेले निवडुंगाचे तुकडे ती त्यांना भरवायची. चतकोर फूल खायचा आणि त्याचे ओठ लालेलाल व्हायचे.

"नवरीसारखा नटलाय मेला!" आत्या पोट धरून हसायची.

एकच गोष्ट येसूला कळत नव्हती. निवडुंगाच्या मुळाशी टणक मुरूम होता. दोघं रोज तिथं जाऊन नखं घासायची. मुरमाला ओरखडाही उठत नव्हता.

त्या साली ऊन फार कडक पडलं. गावच्या विहिरीत नुसता गाळ उरला. तेव्हा पाटलीणबाई चार बायका घेऊन परसात आल्या. त्यांच्या हातात दोर बांधलेली टोपली होती.

"येसू, ती कासवं दे इकडं. विहिरीत कासव सोडलं की झरे मोकळे होतात. माझ्या पणजीपासून चालत आलंय."

"नको हो, पाटलीणकाकी! ही वाळवंटातली आहेत. गाळात रुततील, पाण्यात बुडतील."

"ऐका गं बायांनो! कासव म्हणे बुडतं! उद्या म्हणशील, मासा सर्दीनं शिंकतो!"

बायका हसल्या. पण हसता हसता एकीच्या कडेवरचं तान्हं रडायला लागलं. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पाटलीणबाईंचा आवाज खाली आला. "पोरी, मला काय हौस आहे का? लेकरं तहानलीत गावातली."

येसूला बाळाचं रडं ऐकवेना आणि कासवंही देववेनात. ती कासवांसमोर हात पसरून उभी राहिली. इच्छा मागावी तर काय मागावी? 'कासवं लपव' म्हणावं? ते तर माझ्या मनातलं. 'पाणी दे' म्हणावं? तेही माझ्याच मनातलं. तिनं गुडघे टेकले आणि डोळ्यांनी विचारलं.

भाकर बायकांकडे बघत नव्हती. चतकोरही नाही. दोघं निवडुंगाच्या मुळाशी, त्याच जागी, त्याच हट्टानं मुरूम घासत होती. खर्र, खर्र. येसूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"परीताई! यांना खणता येऊ दे!"

मुरूम रव्यासारखा मऊ झाला! आणि मग काय विचारता! भाकरीचे पंजे फिरू लागले, चतकोर मागून माती उडवू लागला. पाटलीणबाईंच्या हिरव्या लुगड्यावर माती, आत्याच्या नाकावर माती! आधी लाल माती आली, मग तपकिरी, मग काळीभोर. बिळातून गार, सुगंधी वारा आला. पाटलीणबाईंनी काळ्या मातीची मूठ उचलून दाबली. बोटांतून एक टपोरा थेंब ओघळला.

"अगं बाई! ओल! इथं ओल आहे!" त्या किंचाळल्याच. "पळा, कुदळी आणायला सांगा!"

सगळा गाव लोटला. येसूनं बिळाला धक्का लावू दिला नाही, थोडं पलीकडे खणायला लावलं. माणसांनी खणलं, बायांनी घमेली वाहिली. सूर्य मावळतीला टेकला आणि खालून हाळी आली, "पाणी! पाणी लागलं!" थुईथुई झरा उसळला. तान्हं आईच्या ओंजळीतून पाणी प्यायलं आणि खुदकन हसलं. गावानं एकच जल्लोष केला.

पाटलीणबाईंनी पहिला हंडा स्वतः डोक्यावर घेतला आणि येसूच्या आत्याच्या दारात ठेवला. "आजपासून ही येसूची विहीर. आणि ही कासवं साऱ्या गावाची लेकरं. जो त्यांना बुडवायला जाईल, त्याला आधी मी बुडवीन!"

माणसं घरी गेली, तेव्हा पिवळं फूल पुन्हा उघडलं.

"तिसरी इच्छा राहिली, येसू."

येसूनं बघितलं. भाकर आणि चतकोर बिळाच्या तोंडाशी सुखानं बसली होती. "यांना आता काहीच नकोय, परीताई."

"हवंय की. ती मघापासून तुझ्या पायांकडे बघतायत." परी हसली. "जी स्वतःसाठी मागत नाही, तिच्यासाठी दुसऱ्यांनी मागायचं असतं. ही इच्छा ती मागतायत."

चतकोरानं आपलं गार नाक येसूच्या भाजलेल्या तळव्याला लावलं. येसूच्या पायांत चपला आल्या! मऊमऊ, मधाच्या रंगाच्या आणि वर थेट कासवाच्या पाठीची नक्षी. तळव्यांची आग विझली.

"या पायांना आता ऊन कधी लागायचं नाही," परी म्हणाली. तिचे पंख उजळले, फूल उजळलं, निवडुंगाचा काटा न् काटा सोन्याची तार झाला आणि त्या लखलखाटात परी विरून गेली. येसूच्या तळहातावर तेवढा वाळूचा एक चमचमता कण राहिला.

इतकीच गोष्ट. ती काल संध्याकाळी लिहून झाली. आज सकाळी मी लवकर उठलो आणि मातीचा उथळ परळ घासून दारासमोर सावलीत ठेवला. त्यात पाणी ओतलं, कुणी बुडू नये म्हणून मधोमध एक दगड ठेवला आणि गुपचूप बसून बघत राहिलो, कोण येतं आणि काय मागतं ते.