टोपरं घातलेला तांब्या

महाबळेश्वरात पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना बाहेरून पावसाचा गारठा अडवणाऱ्या गवताच्या जाड ताट्या, म्हणजे झडी, बांधतात. कर्मचारी वसाहतीच्या देखरेखीवर नवे आलेले कारखानीस साहेब म्हणाले, "हा गावठीपणा नको!" यंदा झडी बांधल्याच नाहीत, आणि आषाढात अनसूयाबाई ढेब्यांच्या खोलीची भिंत आतून घामेजून बुरशीनं काळी पडली. चार दिवसांनी लेक तान्ह्या बाळाला घेऊन याच खोलीत येणार होती.

साहेब पाहणीला आले. "भिंतीचा दोष नाही, बाई. तुम्ही माणसं दारं लावून श्वास सोडता, चहा उकळता. त्याचीच ही वाफ."

"बसा ना, साहेब," म्हणत अनसूयाबाईंनी फ्रिजमधल्या गार पाण्याचे दोन तांबे समोर ठेवले. एकावर नातवासाठी विणलेलं लोकरीचं टोपरं चढवलं. साहेब वाफेवर बोलत राहिले. बघता बघता उघड्या तांब्यावरून थेंब ओघळले आणि साहेबांची फाईल भिजली. टोपरं मात्र कोरडंच.

"श्वास तर तुम्ही दोघांवर सारखाच सोडलात, साहेब," अनसूयाबाई हळूच म्हणाल्या. "मग घाम उघड्यालाच का फुटला?"

साहेबांनी टोपरं अलगद काढून अनसूयाबाईंच्या हातात दिलं.

"हे बाळाला ठेवा. भिंतीचं टोपरं मी उद्याच पाठवतो."