गुच्छीची जागा

उंच डोंगरावरच्या एका देवदाराच्या जंगलात एक अस्वलीण राहत असे. थंडी ती गुहेत झोपून काढी आणि बर्फ वितळून ओढे वाहू लागले की डोळे चोळत बाहेर येई. बाहेर आली की आधी आभाळाकडे पाही. ढग गडगडले, वीज चमकली, की दुसऱ्या दिवशी सकाळी वेताची टोपली खांद्याला अडकवून ती एकटीच कुठेतरी निघून जाई. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती परतलेली असे, आणि टोपलीवर ओली पाने झाकलेली असत. पानांखाली गुच्छी असे.

गुच्छी ही एक रानअळंबी आहे, मुलांनो. ती कोणी पेरत नाही. वर्षातून थोडेच दिवस ती जमिनीतून डोके वर काढते, तेही तिला आवडेल त्याच जागी, आणि ऊन तापले की वाळून जाते. अस्वलीण टोपली घेऊन थेट गुहेत शिरे. आत बसून ती गुच्छी उभी चिरे, मुंग्या आणि वाळू झाडून काढी, स्वच्छ धुई. कच्ची गुच्छी पोटाला बाधते, म्हणून शिजवताना ती जराही घाई करत नसे. गुहेच्या तोंडाशी दगडांची चूल होती. चुलीवर मातीचे मोठे मडके चढे, त्यात रानकांदा पडे, अक्रोडाचे कूट पडे, आणि मंद आचेवर रस्सा रटरटू लागला की त्याचा वास उतारावरून खाली ओढ्यापर्यंत जाई.

मग काय, पानांचे द्रोण घेऊन सगळे जंगल चुलीभोवती जमे. कोल्हा येई, ससे येत. शेजारच्या कपारीत राहणारी साळू, म्हणजे अंगभर काटे असलेली साळिंदर, ती तर सगळ्यांच्या आधी येऊन जागा धरून बसे.

"मावशी, तळाचं वाढ गं. वरचं नुसतं पाणी आहे," कोल्हा म्हणे.

"तुला तळाचं वाढलं तर ससे काय मडकं चाटतील?" असे अस्वलीण म्हणे आणि त्याला तळाचेच वाढी. वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. सगळ्यांची पोटे भरली की मडक्याला लागलेले खरवडून ती स्वतः खाई, आणि तेही तिला पुरे.

पण गुच्छी कुठे मिळते, हे मात्र तिने कोणालाही सांगितले नव्हते. कोणी विचारले की ती गंभीर चेहरा करून भलतीच जागा सांगे. एकदा तिने साळूला धबधब्यामागे पाठवले. साळू काट्याकाट्यांतून पाणी गाळत परत आली.

"मिळाली का काही?" अस्वलिणीने विचारले.

"मिळाली ना. सर्दी मिळाली," साळू म्हणाली, आणि सगळे हसले, साळूही हसली. कोल्ह्याला तिने काटेरी झुडपांत धाडले, सशांना कड्याच्या टोकावर. दर वर्षी कोणाची तरी पाळी येई. ही थट्टा सगळ्यांना जेवणाइतकीच हवी असे. अस्वलीण मात्र जाता-येता ओढ्याच्या पाण्यातून थोडी चाले, पावलांचे ठसे उमटू नयेत म्हणून.

ती कंजूष नव्हती. तिला एकच भीती होती. जागा सगळ्यांना कळली तर जो तो आपली आपण गुच्छी आणील, आपापल्या बिळात शिजवील. मग या चुलीपाशी कोण येणार? मागेपुढे कोणीच नसलेल्या त्या अस्वलिणीला वर्षभरात सगळ्यात प्रिय काय होते, तर त्या एका दुपारचा गलबला.

एका वर्षी ती झोपेतून उठली ती मागचा पाय ओढतच. थंडीने कंबर धरली होती. ती उन्हात बसली, तापलेल्या दगडाला पाठ लावून शेकली, पण पाय काही मोकळा होईना. इकडे बर्फ वितळले. ढग गडगडले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्यावर वास आला, ओल्या मातीचा, थोडा धुराचा, थोडा अक्रोडाच्या सालीचा. शिजलेल्या गुच्छीचा वास सगळ्या जंगलाला ओळखता येई. जमिनीवर उभ्या असलेल्या गुच्छीचा वास तिला एकटीलाच ठाऊक होता.

तिने टोपली उचलली आणि ओढ्यापर्यंत कशीबशी गेली. ओढा बर्फाच्या पाण्याने फुगला होता. तिने पाय पाण्यात घातला. प्रवाहाने तो खसकन ओढला, तसा तिने मागे घेतला. पलीकडचा उतार समोर दिसत होता. मधले दगड साळूसारख्या हलक्या प्राण्याने उड्या मारत पार केले असते. तिचे अवजड शरीर आणि लंगडा पाय त्यावर ठरणे शक्य नव्हते. ती काठावर बसून त्या उताराकडे पाहत राहिली. वास येतच होता. शेवटी रिकामी टोपली घेऊन ती परत फिरली.

साळू आणि कोल्हा द्रोण घेऊन दारात उभे होते.

"मावशी, यंदा चूल थंड कशी?"

"अजून उगवली नाही," अस्वलीण म्हणाली.

"गडगडलं की काल."

"नुसतं गडगडून काय होतंय? जमिनीला ऊब नको का?"

दोघे द्रोण घेऊन परत गेले. मग एकदा ससे येऊन गेले. त्यांनाही तिने तेच सांगितले. त्यानंतर कोणी आले नाही.

वाऱ्यावरचा वास आता रोज थोडा कमी होत होता. अस्वलिणीला झोप येईना. तिने मडके उतरवून घासले, पुन्हा जागेवर ठेवले, पुन्हा उतरवले. तिला गुच्छी खावीशी वाटत होती, जिभेला पाणी सुटत होते, हे तर खरेच. पण त्याहून जास्त तिला कोणाचे तरी "तळाचं वाढ" ऐकायचे होते. साळूने जागा धरताना शेजाऱ्याला टोचलेल्या काट्यावरून होणारे भांडण ऐकायचे होते. सगळे निघून गेल्यावर चुलीभोवती पडलेले द्रोण गोळा करताना कंबर मोडते, अशी ती दर वर्षी कुरकुर करी. आता तिने चुलीभोवतीची मोकळी जमीन उगाचच झाडून काढली. गोळा करायला काहीच नव्हते.

शेवटी तिने साळूला हाक मारली.

"साळू, तुला गुच्छीची जागा सांगते. माझ्याच्यानं जाववत नाही. तू घेऊन ये."

साळू पुढे सरकली. "सांग."

"ओढ्याच्या पलीकडे जळका देवदार आहे ना, वीज पडलेला? त्याच्या मागच्या उतारावर."

साळूने तिच्याकडे पाहिले, आणि तिला असे हसू फुटले की पाठीवरचे काटे खडखडू लागले. तो आवाज ऐकून कोल्हा आला. साळूने त्याला जागा सांगितली.

"जळका देवदार?" कोल्हा म्हणाला. "तिथं गवताचं पातं उगवत नाही. मावशी, निदान पटेल अशी जागा तरी सांगत जा."

"अरे, या वेळी खरं सांगते आहे."

"धबधब्याच्या वेळीही असंच म्हणाली होतीस," साळू म्हणाली.

"मावशीची कंबर गेली, पण खोडी गेली नाही," कोल्हा म्हणाला. "चला, म्हणजे प्रकृती बरी आहे."

दोघे खरोखर आनंदाने हसत होते. इतके दिवस गप्प असलेली मावशी पुन्हा थट्टा करू लागली, याचेच त्यांना बरे वाटले होते. अस्वलिणीने पंजाने तोंड झाकले. डोळ्यांतले पाणी तिच्या नाकावरून ओघळले, तेव्हा साळूचे काटे एकेक करून खाली बसले.

"जाते मी," साळू म्हणाली. "पटत नाही मला, पण जाते. रडू नकोस."

मावशीची टोपली खांद्याला अडकवून ती दगडांवरून उड्या मारत ओढ्यापलीकडे गेली. अस्वलीण गुहेच्या तोंडाशी बसली. तिने चूल पेटवली. मडक्यात पाणी ओतले. रानकांदा शोधून आणला, अक्रोड फोडले, पाण्याला आधण आले तशी आच कमी केली. तिचे कान ओढ्याकडे होते.

दुपार कलता कलता साळू परत आली. टोपली रिकामी होती.

"काही नाही तिथं, मावशी."

"नीट पाहिलंस का?"

"सगळा उतार पालथा घातला. राखेत नुसती काळपट, सुरकुतलेली बोंडं उभी होती. भोकाभोकांची, कोणी मधाचं पोळं जाळून टाकावं तशी. किळसच आली मला. त्यांच्याखाली कुठं तुझी गुच्छी दिसते का म्हणून पायानं उडवत गेले. खालीही काही नव्हतं."

अस्वलिणीने डोळे मिटले.

"सगळी उडवलीस?"

"दिसली तेवढी."

"तीच गं ती," अस्वलीण म्हणाली.

साळूला कळायला वेळ लागला. "कसं शक्य आहे? इतकी वर्षं खाते आहे मी. मऊ, पातळ फोडी असतात."

"त्या मी आत बसून चिरते म्हणून."

साळू हळूच म्हणाली, "मावशी, आम्हाला कधी एकदा अख्खी दाखवायची होतीस."

साळू वळली आणि आली त्याहून जोरात पळत सुटली. ती परत आली तेव्हा तिच्या तोंडात पानाची पुडी होती आणि पाय राखेने माखले होते. तिने उडवलेल्या, आधीच वाळत आलेल्या गुच्छीचा उन्हात चुरा झाला होता. एका दगडाच्या आडोशाला एकच उरली होती. तीही एका बाजूने फाटलेली.

तोवर कोल्ह्याने बातमी पसरवली होती. चुलीचा धूर पाहून ससेही आले होते. कोणी द्रोण आणला नव्हता. अस्वलिणीने पुडी उघडली. तोच वास आला. चुलीवर आधण तयार होते. एवढीशी गुच्छी पाण्यात टाकायची, मंद आचेवर ठेवायची, आणि आपला एक घोट. कोणी हरकत घेतली नसती. साळू तर म्हणालीच, "तुझ्यासाठी आणली आहे, मावशी. तू खा."

अस्वलिणीने मडक्याकडे पाहिले, गुच्छीकडे पाहिले. मग ती म्हणाली, "जवळ या सगळे. अजून जवळ."

तिने गुच्छी पंजावर धरली. "ही अशी दिसते. वरची जाळी बघा. आता हे नखानं उभं फाडते, आत बघा, वरपासून खालपर्यंत पोकळ आहे. हिच्यासारखीच दुसरी एक उगवते, ती आतून भरीव असते. तिला शिवायचंसुद्धा नाही, ती जीव घेते. उपटायची नाही, बुंध्याशी कापायची. कच्ची तोंडात घालायची नाही. आता वास घ्या. नाही रे कोल्ह्या, असा लांबून नको, डोळे मिटून घे. घेतलास? मग पुढे दे."

गुच्छी पंजावरून पंजावर फिरू लागली. कोल्ह्याने ती उजेडात धरून पाहिली आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही. एका सशाने पुन्हा मागून घेतली. साळूने इतका वेळ वास घेतला की बाकीचे ओरडले. अस्वलीण मधूनमधून विचारी, "पोकळ दिसली का? नक्की?" तिला घाई झाली होती. पुढच्या थंडीतून आपण उठू की नाही हे तिला माहीत नव्हते, आणि विचारणाऱ्याचा एकही प्रश्न तिला टाळायचा नव्हता.

सगळ्यांच्या हातून फिरून गुच्छी तिच्याकडे परत आली, तेव्हा तिचा नुसता भुगा उरला होता. वाऱ्याची झुळूक आली आणि तोही उडून गेला. चुलीवर रानकांद्याचे पाणी उकळत होते. अस्वलिणीने रिकामा पंजा नाकाशी नेला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच धरून ठेवला.

तात्पर्य : आपल्याजवळची विद्या हातपाय चालत आहेत तोवरच दुसऱ्याच्या हाती द्यावी. पिकलेले फळ वाटणारे पुष्कळ असतात. झाड दाखवणारा उशीर करतो, तेव्हा देणारा आणि घेणारा दोघेही उपाशी राहतात.