योग्य ठिकाणी

१९ नोव्हेंबर. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. खाडीला ओहोटी लागलेली.

"...मग लोकांना सांगणार कोण, बुवा? माझं ते ऐकत नाहीत. तुमच्या एका शब्दावर सगळं गाव उठेल."

डॉ. मुकुल पेठकर मठाच्या पायरीवर बसून बोलत होते. समुद्र वर येतोय, तेव्हा बेटांवरच्या वस्त्यांचं काय करायचं, हे सरकारला सांगण्याचं काम त्यांच्याकडे होतं. काळंजुवं हे त्यातलं पहिलं बेट. बंधाऱ्याचा खर्च बेटाच्या किमतीपेक्षा जास्त, सबब गाव हलवावं, असा हिशेब त्यांनी मांडला होता. अहवाल तयार होता. संध्याकाळी बैठक होती. गावाचा होकार तेवढा राहिला होता.

मठाच्या सोमाबुवांनी विचारलं, "पाणी खरंच वर येणार?"

"येणार. विहीर खारट झालीच आहे तुमची. वेळ उरलेला नाही, बुवा."





"बरं," म्हणून बुवा आत गेले.

पेठकर पुढचं बोलणं मनात जुळवत राहिले. देवाचं नाव निघालं तर काय म्हणायचं, वाडवडिलांचं निघालं तर काय, सगळं त्यांच्याकडे तयार होतं.

बुवा काखेत गाठोडं घेऊन बाहेर आले. दाराला कडी घातली, सरळ धक्क्यावर गेले आणि होडीत बसले.

"चला."

"आत्ता?"

"वेळ नाही म्हणालात ना, साहेब."

होडीवाला इसाक हसला. "बुवा, सांजची आरती कोण करील?"

"ज्याची करायची तो गाठोड्यात आहे. तू वल्हव."

धक्क्यावरच्या बायका बघत राहिल्या. त्यातली एक काही न बोलता घराकडे वळली आणि वळणीवरचे कपडे ओढून गाठोडं बांधू लागली. मग दुसरी वळली.

पेठकरांना ते होडीतून दिसत होतं.

खाडीच्या मध्यावर इसाकनं विचारलं, "साहेब, बुवांना कुठं उतरवू?"

"पलीकडे."

"पलीकडे कुठं?"



गाव कुठं हलवायचं, त्या जागी अहवालात 'योग्य ठिकाणी' एवढंच होतं. शब्द त्यांचेच होते.

 इसाक वल्हवत राहिला.

होडी पलीकडच्या जेटीला लागली. वर गाडी उभी होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पेठकर उतरले, उभे राहिले, मग त्यांनी हातानंच त्याला जायला सांगितलं. त्या संध्याकाळी बैठकीत अहवाल मांडला गेला नाही.

पेठकर होडीपाशी परत आले.

"बुवा... उतरा तरी."

बुवांनी गाठोडं मांडीवर घेतलं.

"तुम्ही जागा बघून या. मी बसतो. भरतीला अजून वेळ आहे."