बरी बाजू

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे पुष्कळ होते आणि आरसे थोडे. त्यामुळे आपण कसे दिसतो, हे लोकांना चितारी सांगायचा.

एका नगरात असाच एक चितारी होता. तो माणसाला उत्तरेच्या खिडकीपाशी बसवायचा. समोर पांढरे कापड टांगून उजेड चेहऱ्यावर परतवायचा, मागे काळा पडदा सोडायचा, डोक्यावर थोडी जागा मोकळी ठेवायचा. मग हनुवटी बोटाने वळवत विचारायचा, "बरी बाजू कुठली?" बरी बाजू उजेडात जायची, दुसरी अंधारात. नाक वाकडे असो की डोळा तिरळा, माणूस देखणा होऊनच बाहेर पडायचा. सगळे नगर त्याच्यावर खूश होते. आपल्याला तरी दुसरे काय हवे असते?

त्याच नगरात बांगड्या विकणारी एक बाई राहायची. नवरा वारलेला, पदरी एकच लहान मुलगी. मुलीच्या डाव्या गालावर तांबडे लासे होते, जन्मखूणच ती. हातात बांगड्या भरून घेता घेता बायका म्हणायच्या, "पोरीचं कसं व्हायचं गं?" आई ते ऐकायची आणि मुलीचा गाल पदराने झाकायची.

एकदा ती मुलीला घेऊन चिताऱ्याकडे गेली. "दादा, तेवढं लासं दिसू देऊ नका."

"काळजीच सोड," चितारी म्हणाला. त्याने मुलीचे तोंड खिडकीकडे वळवले. डावा गाल सावलीत बुडाला. चित्र असे उतरले, की घरी गेल्यावर आईने मुलीची सोडून चित्राचीच दृष्ट काढली.

पुढे नदीकाठच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि मुलीचा हात सुटला. आई गावोगाव भटकली. शेवटी चित्र छातीशी धरून राजवाड्यात गेली. चितारीही तिच्यासोबत गेला.

राणीने चित्र पाहिले. "अगं बाई, केवढी देखणी पोर! हिला शोधायलाच हवं." तिने लगेच एका हरकाऱ्याला घोड्यावर बसायला सांगितले.

हरकाऱ्याने विचारले, "बाई, आणखी काही खूण?"

गालावरची खूण आईच्या ओठांवर आली होती. खरे सांगितले आणि राणीचे मन फिरले तर? "चित्रात आहे, तश्शीच आहे," ती म्हणाली. दरबारी चित्राची वाहवा करत होते. चिताऱ्याला ती गोड लागली आणि तोही गप्प राहिला. आईची मला कीव येते. चिताऱ्याची मात्र येत नाही.

हरकारा दूरदूर फिरला. एका माळावर मीठ विकणाऱ्यांचा तांडा उतरला होता. तांड्याचा म्होरक्या म्हणाला, "जत्रेत एक पोर सापडली बघा. आईचं नाव विचारलं, तर 'आई' एवढंच सांगते."

हरकाऱ्याने मुलीशेजारी चित्र धरले. डोळे तेच वाटत होते. पण हा तांबडा गाल? त्याने मुलीलाच विचारले, "बाळे, ही तूच का गं?"

मुलीने बराच वेळ चित्राकडे पाहिले. "नाही," ती म्हणाली. "ही चांगली आहे. माझा गाल वाईट आहे."

हरकाऱ्याने घोडा वळवला.

परत आल्यावर त्याने सहज ही हकिगत सांगितली, आणि आईने हंबरडा फोडला. घोडे पुन्हा धावले. माळावर चुलींची राख तेवढी उरली होती. तांडा कुठे गेला, ते कुणालाच ठाऊक नव्हते.

चितारी ढसाढसा रडला. "मी दुसरं चित्र काढतो. खरं काढतो." तो काढायला बसला, उजवी बाजू उतरली आणि हात थांबला. तो गाल त्याने नीट पाहिलाच नव्हता. "लासं कसं होतं, सांग ना," तो म्हणाला.

आईने तोंड उघडले. ते कानापाशी रुंद होते की हनुवटीपाशी? कडा कशी होती? तिला काही केल्या आठवेना. तिने ते जन्मभर झाकलेच होते. अर्ध्या चेहऱ्यापुढे दोघे नुसती बसून राहिली. मुलगी काही कधी घरी आली नाही.

बोध एवढाच: आपल्या माणसाची जी बाजू आपण झाकतो, तिच्यासकट ते माणूसच आपल्या हातून जाते.